फोटो पेपरवर शाई वाळत नाही, रंग विटके येतात: प्रिंटर दुरुस्तीला आणण्याआधी काय तपासायचं

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ माझं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. गणपती जवळ आले की आणि मग लग्नसराईत, लोक प्रिंटर मांडीवर घेऊन रिक्षातून येतात. तक्रार ठरलेली असते: "कागदपत्रं व्यवस्थित छापतो, फोटोच बिघडवतो." मी साध्या कागदावर तपासणीचं पान काढतो. सगळ्या रेघा सलग असतात. मग विचारतो, "कागद कुठला वापरलात?" पिशवीतून जे पाकीट निघतं, दोष बहुतेक वेळा त्यात असतो, नाहीतर त्या पाकिटाचा आणि प्रिंटरच्या सेटिंगचा मेळ बसलेला नसतो. प्रिंटरला हात लावायची गरजच पडत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हापासून हे काम माझ्याकडे फार वाढलंय. कितीतरी घरांचे आल्बम भिजले. जे फोटो वाचले त्यांचे मोबाइलवर फोटो काढून लोक घरीच नव्या प्रती छापायला लागले. आजोबांचा उरलेला एकच फोटो असतो आणि तो छापताना त्यांच्या चेहऱ्यावर शाई पसरते. जीव कासावीस होतो आणि माणूस हेड क्लीनिंगचं, म्हणजे शाई फवारणारा भाग (हेड) साफ करण्याचं, बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतो. त्या बटणाने कागदाचा दोष जात नाही, शाई मात्र जाते. ते दाबण्याआधी वाचता यावं म्हणून हे लिहितोय.

इथलं सगळं घरच्या इंकजेट (शाई फवारून छापणाऱ्या) आणि इंक टँक (बाटलीने शाई भरायच्या) प्रिंटरांसाठी आहे. लेझर प्रिंटरचं शेवटी वेगळं सांगितलंय, ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी आधी तेच वाचावं.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं आहे ते आधी ओळखा.

- छापून तास उलटला तरी बोट लावलं की शाई बोटाला येते.
- शाई कागदात मुरतच नाही. अळवावरच्या पाण्यासारखी थेंबाथेंबाने वर उभी राहते, कागद तिरका केला की ओघळते.
- केस, काळा कोट, साडीचे गडद काठ यांवर शाईची साय धरल्यासारखी दिसते आणि कपड्याने पुसली तर निघून येते. बाकी फोटो मात्र ठीक असतो.
- फोटो फिका आणि मातकट येतो, वर्तमानपत्रात छापल्यासारखा.
- चेहरे हिरवट किंवा गुलाबी दिसतात.
- कागदाची कड वर वळते आणि कडेला काळे फराटे उमटतात.
- फोटोवर सुईने टोचल्यासारख्या ठिपक्यांची सरळ रांग दिसते.
- आज सुंदर दिसणारा फोटो भिंतीवर काही महिन्यांत लालसर पडतो.

आडव्या पांढऱ्या रेघा ठरावीक अंतराने येत असतील, किंवा एखादा रंग पूर्णच गायब असेल, तर शंका कागदावर नाही, हेडवर घ्या. तुम्ही सरळ तिसऱ्या तपासणीवर जा.

१. कागदाची बाजू

पैसा लागत नाही, अर्धं मिनिट लागतं. उलट्या बाजूला छापलेले फोटो माझ्याकडे किती येतात सांगून खरं वाटणार नाही.

बहुतेक फोटो पेपरच्या एकाच बाजूला शाई धरून ठेवणारा लेप असतो. चकचकीत म्हणजे ग्लॉसी कागदात ही बाजू सहज कळते, पण मॅट (चकाकी नसलेल्या) आणि सॅटिन (मंद चकाकीच्या) कागदात दोन्ही बाजू जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोन बोटं किंचित ओलसर करा आणि कागदाचा एक कोपरा दोन्ही बाजूंनी एकदम चिमटीत धरा. जी बाजू बोटाला हलकीशी चिकटते ती छापायची. मॅट कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला तर लेपाची बाजू जास्त पांढरी दिसते.

उलट्या बाजूला शाई ओघळते, कारण चांगल्या फोटो पेपरच्या पाठीला प्लास्टिकचा पातळ थर असतो. शाईतलं पाणी त्यात शिरू शकत नाही. तो फोटो दोन दिवस पंख्याखाली ठेवला तरी वाळायचा नाही, टाकून द्या. पुढचा फोटो छापण्याआधी दोन-तीन साधे कोरे कागद प्रिंटरमधून जाऊ द्या, कारण ती ओली शाई रोलरांना लागलेली असते आणि पुढच्या चांगल्या कागदावर उतरते.

आपला प्रिंटर कोणती बाजू छापतो, हेही एकदा बघून ठेवा. मागून उभा कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये छापायची बाजू सहसा आपल्याकडे तोंड करून ठेवायची असते. समोरच्या खालच्या ट्रेमधून कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये ती खाली तोंड करून जाते, कारण कागद आत वळसा घेऊन येतो. साध्या कागदावर पेन्सिलीने फुली मारून एकदा छापून बघितलं की कायमचं कळतं.

२. कागदाचा प्रकार कोणता निवडलाय

हीही फुकट तपासणी आहे आणि सगळ्यांत महत्त्वाची. दहा तक्रारी आल्या तर मी दहाही वेळा हे आधी बघतो.

छापताना जी चौकट उघडते तिच्यात पेपर टाइप किंवा मीडिया टाइप असा पर्याय असतो. तिथे मुळात प्लेन पेपर असतं. आपण महागाचा ग्लॉसी कागद घालतो, पण प्रिंटरला ते कुठून कळणार? तो समजतो साधाच कागद आहे आणि तसाच वागतो.

त्याने नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतील. कागदाचा प्रकार बदलला की प्रिंटर एका जागी किती शाई टाकायची ते बदलतो, हेड किती फेऱ्या मारेल आणि किती सावकाश जाईल ते बदलतो, आणि काही प्रिंटरांत काळा रंग कोणत्या शाईने करायचा हेसुद्धा बदलतो. ही शेवटची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. घरच्या अनेक इंक टँक प्रिंटरांत रंगीत शाया डाय जातीच्या असतात आणि काळी पिगमेंट जातीची. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, सरबतासारखा. पिगमेंट म्हणजे द्रवात तरंगणारे रंगाचे बारीक कण. साध्या कागदावर पिगमेंटची काळी अक्षरं ठसठशीत येतात, म्हणून ती शाई दिलेली असते. ग्लॉसी कागदाच्या लेपात मात्र ते कण शिरत नाहीत, वरच बसतात. म्हणून असे प्रिंटर ग्लॉसी निवडल्यावर काळी बाटली बाजूला ठेवतात आणि निळा, किरमिजी, पिवळा मिळून काळा बनवतात.

आता तुम्ही ग्लॉसी कागद घालून प्लेन पेपर ठेवलंत, तर काळी पिगमेंट शाई थेट चकचकीत लेपावर पडते. केसांवर साय धरल्यासारखी दिसणारी आणि कपड्याने पुसून निघणारी शाई ती हीच.

करेलीबागेतल्या एक काकू आपल्या सासूबाईंचा फोटो घेऊन आल्या होत्या. नऊवारी, कपाळाला आडवी चिरी, आणि मधोमध भांग पाडलेले काळेभोर केस. चेहरा सुरेख उतरला होता. केसांवरून मात्र बोट फिरलेलं, आणि त्या बोटाचा करडा फराटा कपाळावरून कुंकवापर्यंत गेलेला. काकू सांगत होत्या की तीन दुकानांतून तीन कागद आणले, तिन्हींवर असंच झालं. त्यांच्यासमोर मी त्यांचाच तिसरा कागद घातला, प्लेन पेपरच्या जागी ग्लॉसी निवडलं, क्वालिटी हाय केली आणि छापला. छापायला चांगली चार मिनिटं लागली, कारण हेड सावकाश जात होतं. दहा मिनिटांनी मी त्यांनाच म्हटलं, बोट फिरवून बघा. त्यांनी आधी पदराला हात पुसला, मग केसांवरून बोट फिरवलं. बोट कोरडं.

मोबाइलवरून छापणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फोनच्या साध्या प्रिंट पर्यायात कागदाचा प्रकार पुष्कळदा दिसतच नाही. प्रिंटर कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप घ्या आणि त्यातून छापा, तिथे तो निवडता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटोही छापायला घेऊ नका, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. ४ × ६ इंचाचा फोटो स्वच्छ यायला साधारण १२०० × १८०० पिक्सेल लागतात. त्याहून बराच लहान फोटो असेल तर कुठलाही कागद तो वाचवू शकत नाही.

३. साध्या कागदावर नोझल चेक

प्रिंटरच्या मेंटेनन्समध्ये नोझल चेक असतो. नोझल म्हणजे हेडची बारीक छिद्रं, ज्यांतून शाई येते. एक साधा कागद आणि चिमूटभर शाई, एवढाच खर्च. सगळ्या रंगांच्या रेघा सलग आल्या तर हेड निर्दोष आहे, आणि पुढे जे काही दिसेल ते कागदाचं किंवा सेटिंगचं. रेघा तुटक आल्या तर हेड क्लीनिंग एकदा करा, पुन्हा नोझल चेक काढा. फार तर तीनदा. तरी तुटक असेल तर प्रिंटर रात्रभर बंद ठेवून सकाळी परत बघा. अडकलेली हवा किंवा वाळलेली शाई कधी कधी रात्रीतून मोकळी होते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि प्रिंटर पंधरा-पंधरा दिवस बंद पडून असतो, तेव्हा नोझल वाळतातच. आठवड्यातून एक छोटं रंगीत पान काढत जा.

तीनपेक्षा जास्त क्लीनिंग का नको? त्यात वाहून जाणारी शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या जाड नमद्यात जिरते. प्रिंटर त्याचा हिशेब ठेवतो. तो नमदा भरल्याची वेळ आली की कित्येक प्रिंटर छपाईच बंद करतात.

४. पाकिटावर काय लिहिलंय

रावपुऱ्यात किंवा खंडेराव मार्केटकडे कागद घ्यायला गेलात तर दुकानदार सांगेल, "भाई, आ ग्लॉसी बधा प्रिंटरमां चाले," म्हणजे हा सगळ्या प्रिंटरांत चालतो. त्याच्या मनात कपट नसतं, त्याला तसंच सांगून माल दिलेला असतो. पाकीट हातात घ्या आणि स्वतः वाचा.

पहिलं, इंकजेट हा शब्द. लेझरसाठीचा चकचकीत कागदही तसाच दिसतो, पण त्याच्या लेपात शाई मुरत नाही. छापखान्यातल्या आर्ट पेपरचंही तेच. नातेवाइकांपैकी कुणाचा छापखाना असतो, ते प्रेमाने रीमच्या रीम देतात आणि फोटो हातभर पसरतो.

दुसरं, वजन. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. रोजचा कागद ७० ते ८० असतो, फोटोचे १३० पासून ३०० पर्यंत मिळतात. जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला, हा समज मनातून काढून टाका. आकडा फक्त जाडी-वजनाचा अंदाज देतो, लेप कसा आहे याबद्दल काहीच सांगत नाही. २३० चा सुमार कागद मी पाहिलाय आणि २०० चा उत्तमही.

तिसरं, आर. सी. किंवा रेझिन कोटेड हे शब्द. यात मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचे थर असतात आणि वर शाईचा लेप असतो. स्टुडिओतल्या जुन्या रंगीत फोटोंचा कागदही याच घडणीचा. तो ओला झाल्यावर लाटांसारखा उचलला जात नाही, हाताला फोटोसारखा लागतो. स्वस्तातले बहुतेक ग्लॉसी कागद कास्ट कोटेड असतात, म्हणजे साध्या कागदावर थेट चकाकीचा लेप. पाकिटावर लिहिलं नसेल तर एक कोपरा फाडून बघा. रेझिन कोटेड फाटताना प्लास्टिकची कड ताणली जाते, कास्ट कोटेड साध्या कागदासारखा सरळ फाटतो. पाठीवर पाण्याचा थेंब ठेवला तर पहिल्यावर तो तसाच उभा राहतो, दुसऱ्यात हळूहळू मुरतो.

कास्ट कोटेड वाईट असतो असं नाही. मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट, हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची कार्डं, गौरींसमोर लावायचे फोटो, याला तो पुरतो. पण आजोबांचा फोटो भिंतीवर लावायचा असेल तर त्यावर छापू नका.

अजून एक कागद माझ्याकडे येतो, त्याची जात वेगळी. परदेशातून भाच्याने दहा-पंधरा वर्षांपूर्वी आणलेलं, कपाटात जपून ठेवलेलं पाकीट. जुन्या काही कागदांचा लेप जिलेटिनसारखा असायचा, शाई पडली की तो फुगून तिला आत घ्यायचा. तो सावकाश वाळतो आणि आपल्या पावसाळ्यात बोटाला चिकटत राहतो. त्यात सेटिंगचा दोष नसतो. तो कागद हिवाळ्यात वापरा आणि फोटो दोन दिवस उघडा ठेवा.

५. टाक्यांत शाई कोणती आहे

मूळ शाई संपल्यावर बाहेरची भरली असेल तर बाटल्या शोधून काढा. डायच्या जागी पिगमेंट किंवा उलट भरलं गेलं असेल तर वरचं सगळं गणित फिरतं. सगळ्या रंगांत पिगमेंट असेल तर स्वस्त कास्ट कोटेड ग्लॉसीवर ती वरवर बसते, तिरक्या उजेडात तांब्यासारखी झाक मारते आणि पुसली जाते. अशा प्रिंटरला पिगमेंट चालेल असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेला कागदच घ्या, किंवा सरळ मॅट वापरा. पिगमेंट मॅटवर फार देखणी दिसते.

शाई बाहेरची असेल तर रंगही थोडे सरकतात, कारण प्रिंटरचं रंगांचं गणित मूळ शाईवर बेतलेलं असतं.

६. दमट हवा

जून ते सप्टेंबर बडोद्यात हवेत इतका ओलावा असतो की पापड कुरकुरीत राहत नाहीत. कागदाचा लेप तर ओल पिण्यासाठीच बनवलेला असतो. शाई येण्याआधीच तो हवेतलं पाणी पिऊन बसला, तर शाईला जागा कुठे उरणार? तोच कागद, तीच सेटिंग, मार्चमध्ये छान आलं आणि ऑगस्टमध्ये शाई फुटली, तर कारण बहुतेक हेच.

कागद मूळ पाकिटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून, आडवा ठेवा. उभा ठेवला की वाकतो. मी स्टीलच्या चपट्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, ज्या बुटांच्या खोक्यात किंवा औषधांच्या डब्यात येतात त्या. लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. प्रिंटरच्या मागच्या ट्रेमध्ये रात्रभर उभे सोडलेले कागद सकाळी वाकलेलेच मिळतात. कोपरे सपाट जागेवर २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त उचललेले दिसले तर कागद घालू नका. तो पिशवीत घालून जाड पुस्तकांखाली एक दिवस ठेवा. वाकलेली कड हेडला घासते, काळे फराटे येतात ते त्यानेच, आणि हेडही खराब होऊ शकतं.

छापलेला फोटो हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. शाईतली मंद उडणारी द्रव्यं नंतरही बराच वेळ बाहेर पडत असतात. फोटो लगेच फ्रेममध्ये घातला तर आठवड्याभरात काचेच्या आतून धुरकट पापुद्रा धरतो. पावसाळ्यात तर २४ तास उघडा ठेवाच, मग एक दिवस वर साधा कागद ठेवून ठेवा. तो कागद ती द्रव्यं शोषतो. फोटो एकमेकांवर रचू नका, आणि वाळावे म्हणून उन्हात तर अजिबात ठेवू नका.

७. जाड कागद कोणत्या वाटेने जातो

समोरच्या ट्रेमधून जाड कागद आत वळताना ओरबाडला जातो. मागची फीड असेल तर फोटो पेपर तिथूनच घाला, एका वेळी एक. ठिपक्यांची रांग उमटत असेल तर ती बाहेर ढकलणाऱ्या दातेरी चाकांची असते, शाई ओली असताना चाक फिरतं म्हणून. क्वालिटी हाय ठेवली की वाळायला वेळ मिळतो आणि ती बहुतेक जाते. फराटे येत असतील तर मेंटेनन्समध्ये जाड कागदाचा किंवा घासणं टाळण्याचा पर्याय शोधा.

८. रंग वेगळे दिसतात

वरचं सगळं बरोबर असेल तरच इथे या. फोटो खिडकीतल्या दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. मोबाइलचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, मग तुलना करा. पूर्ण ब्राइटनेसवर पाहिलेल्या फोटोपुढे कोणताही कागद काळवंडलेलाच वाटेल. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून छापत असाल तर रंग सांभाळायचं काम एकाकडेच द्या, सॉफ्टवेअरकडे किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे). दोघांनीही केलं की चेहरे हमखास गुलाबी होतात.

कागद वाया जाऊ नये म्हणून मी असं करतो: एक ए फोर कागद घेतो, फोटो अगदी लहान करून वरच्या डाव्या कोपऱ्यात छापतो. पंधरा मिनिटं वाळू देतो, तोच कागद परत घालून एक सेटिंग बदलतो आणि शेजारी छापतो. एका कागदावर सहा प्रयोग होतात. प्रत्येकाखाली पेन्सिलीने सेटिंग लिहून ठेवा, नाहीतर पाचव्यापर्यंत पहिला विसरतो. प्रयोगासाठी असा फोटो निवडा ज्यात चेहरा आहे, काळे केस आहेत, काहीतरी पांढरंशुभ्र आहे. बडोद्याच्या आपल्या लोकांकडे सत्यनारायणाच्या पूजेचा एखादा फोटो असतोच: पांढरं धोतर, केळीची हिरवी पानं, समईचा पिवळा उजेड. त्यात सगळं येतं.

९. आता खर्च करा: एक छोटं, चांगलं पाकीट

इथवर सुटलं नसेल तर तुमच्या प्रिंटर कंपनीच्याच नावाचा ग्लॉसी कागद, ४ × ६ इंचाचं सगळ्यांत लहान पाकीट आणा. तो महाग वाटेल. पण त्या कागदाचं नाव सेटिंगच्या यादीत जसंच्या तसं सापडतं, म्हणून शाईचं प्रमाण अंदाजाने ठरवावं लागत नाही. त्यावर फोटो उत्तम आला तर प्रिंटर ठणठणीत आहे, आधीचा कागदच नालायक. त्यावरही बिघडला तर कागद निर्दोष सुटला.

रोजच्यासाठी माझी निवड सांगतो. आल्बमसाठी रेझिन कोटेड ग्लॉसी, २०० जीएसएमच्या पुढचा. काचेच्या फ्रेमसाठी सॅटिन किंवा तसाच मंद चकाकीचा लस्टर, कारण काचेची चकाकी आणि कागदाची चकाकी एकत्र आल्या की समोरून माणसाऐवजी खिडकी दिसते. जुने कृष्णधवल फोटो मॅटवर छापा. त्यांचा करडेपणा ग्लॉसीवर हिरवट किंवा जांभळा वाटतो, मॅटवर तो निवांत दिसतो.

भिंतीवरचा फोटो लालसर पडण्याचं कारण उजेडाइतकंच हवा आहे. लगेच वाळणाऱ्या ग्लॉसी कागदांचा लेप बारीक छिद्रांचा असतो, त्यातून हवेतला ओझोन थेट डाय शाईपर्यंत पोचतो आणि बहुधा निळा रंग आधी खातो. निळा गेला की उरतो तो लाल-पिवळा. म्हणून असा फोटो काचेमागेच लावा. देवघरात उदबत्तीच्या धुरात उघडा ठेवू नका, आणि समोरून ऊन येतं त्या भिंतीवर तर नकोच.

कधी थांबायचं

तीन क्लीनिंग आणि एक रात्र, एवढं होऊनही नोझल चेक तुटक असेल तर थांबा. हेडमध्ये सुईने काही घालू नका, गरम पाणी नको, स्पिरिट नको. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हेड धुतलेले प्रिंटर माझ्याकडे येतात, त्यांतल्या काहींचं हेड बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

वेस्ट इंक पॅड, म्हणजे तळाचा तो नमदा, भरल्याचा संदेश आला तर दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. तो संदेश घालवायची सॉफ्टवेअरं मिळतात, पण त्याने नमदा रिकामा होत नाही. संदेश जातो आणि एक दिवस शाई खालून टेबलावर येते. चुकीची शाई टाकीत पडली असेल तर एकही पान छापू नका, तसाच प्रिंटर बंद करा. शाई नळ्यांतून हेडपर्यंत जाण्याआधी काढली तर काम थोडक्यात भागतं.

लेझर प्रिंटरमध्ये इंकजेटचा ग्लॉसी कागद कधीही घालू नका. आतला फ्यूझर नावाचा भाग शाईची पावडर वितळवण्याइतका तापतो, तो लेप त्याला चिकटतो, आणि फ्यूझर बदलणं हे स्वस्तातल्या लेझर प्रिंटरच्या किमतीच्या तुलनेत फार मोठं बिल असतं. चुकून घातलाच आणि अडकला तर ओढू नका, वीज बंद करा आणि बोलवा.

पुरात भिजून एकमेकांना चिकटलेले मूळ फोटो घरी सोडवायचा प्रयत्न करू नका. वरचा रंगाचा थर समोरच्या फोटोबरोबर निघून येतो आणि मग दोन्ही जातात. ते जुन्या फोटोंच्या जतनाचं काम करणाऱ्याकडे न्या. त्यांची छान प्रत हातात आली की छापायचं आपण बघू.

प्रिंटर आणायचाच झाला तर टाक्यांची झाकणं घट्ट लावा, वाहतुकीचं लॉक असेल तर ते फिरवा, आणि रिक्षात प्रिंटर सपाट धरा, तिरका झाला तर शाई आत सांडते. सोबत बिघडलेला फोटो आणि कागदाचं पाकीटही आणा. मी आधी तेच मागणार आहे.